जुनापाणीला वेधशाळा नाही, स्मशान आहे

नागपुरात हिवाळा लागला की घरोघरच्या ग्रुपवर तोच फॉरवर्ड फिरू लागतो. यंदा आमच्या ग्रुपवर तो तीनदा आला, तिसऱ्यांदा तर पहिल्यांदा ज्यांनी टाकला होता त्याच काकांकडून. मजकूर थोडक्यात असा: 'नागपूरजवळ जुनापाणीला 5000 वर्षांपूर्वीची वेधशाळा आहे. हे भारताचे स्टोनहेंज. एवढे दगड माणसांना हलवणे अशक्य, म्हणजे त्या काळी महाकाय माणसे होती. इंग्रजांनी हे जगापासून लपवले. खाली आजही सोने आहे. प्रत्येक नागपूरकराने एकदा तरी जावे.'

शेवटचं वाक्य मला मान्य आहे. बाकीच्यांचं बघू.

दगडांपासून सुरुवात करतो, कारण ते काटोल रोडवरून कुणीही जाऊन पाहू शकतो. शहरापासून फार लांब नाही. उघड्या माळावर सुमारे 300 शिलावर्तुळं, म्हणजे दगडांच्या कड्यांनी वेढलेली जुनी थडगी, पसरलेली आहेत. काळ्या पाषाणाचे धोंडे गोलाकार मांडलेले, मधल्या जागेत दगडगोटे आणि मातीची भर. बहुतेक धोंडे गुडघ्याच्या आसपास येतात. पहारी आणि दोर घेतलेली पाच-सहा माणसं ते सहज सरकवतील, विहीर खणताना आपल्याकडे याहून मोठे दगड निघतात. इंग्लंडातल्या स्टोनहेंज या प्राचीन दगडी वर्तुळाचे उभे खांब प्रत्येकी पंचवीसेक टनांचे. या दोघांची तुलना करणाऱ्याने निदान एक तरी जागा पाहिलेली नसावी. आणि महाकाय माणसं? विदर्भातल्या अशा वर्तुळांतून मिळालेले सांगाडे तुमच्या-आमच्याच मापाचे आहेत.

'इंग्रजांनी लपवले' हे तर उलटंच आहे. रिव्हेट-कारनॅक नावाचा कापूस आयुक्त (हो, काम कापसाचं, हौस थडग्यांची) याने इथली काही वर्तुळं उकरली आणि 1879 मध्ये बंगालच्या एशियाटिक सोसायटीच्या नियतकालिकात त्यावर सविस्तर लेख छापला. दगडांवरच्या वाटीसारख्या खळग्यांची नोंद त्यात आहे आणि युरोपातल्या थडग्यांशी असलेल्या साधर्म्यावर तर त्याने भरपूर शाई खर्च केली आहे. म्हणजे 'आपलं स्टोनहेंज' ही हौससुद्धा मूळची साहेबाचीच. इथल्या काही वस्तू पुढे ब्रिटिश म्युझियमला गेल्या. याला नेलं म्हणा, हवं तर लुटलं म्हणा, पण लपवलं म्हणता येत नाही.

आता वय. 1961 मध्ये भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या बी. के. थापर यांनी जुनापाणीला शास्त्रशुद्ध उत्खनन केलं. त्यानंतर पुरातत्त्वज्ञ डॉ. शां. भा. देव यांनी विदर्भातल्याच टाकळघाट-खापा, महुरझरी आणि नैकुंड इथे काम केलं. या सगळ्या ठिकाणी लोखंड निघालं आणि तेही भरपूर: कुऱ्हाडी, छिन्न्या, खंजीर, घोड्याचे लगाम. कोळशाच्या कार्बन तारखांवरून विदर्भातली ही संस्कृती इसवी सनपूर्व पहिल्या सहस्रकाच्या पूर्वार्धातली ठरते. ढोबळ हिशेबाने अडीच-पावणेतीन हजार वर्षं. ग्रुपवर एका हुशार भाच्याने लगेच विचारलं, 'मामा, तामिळनाडूत लोखंड पाच हजार वर्षांपूर्वीचं निघालं ना?' बरोबर. जानेवारी 2025 मध्ये तिथल्या सरकारने जाहीर केलेल्या अहवालाने शिवगळै नावाच्या जागेवरच्या तारखांवरून लोखंड इसवी सनपूर्व चौथ्या सहस्रकापर्यंत मागे नेलं आहे. त्यावर चर्चा होईल, व्हायलाच हवी. पण शिवगळैच्या तारखा शिवगळैच्या. शेजाऱ्याच्या आजोबांचं वय आपल्या आजोबांना लागू होत नाही.

'वेधशाळा' या शब्दात मात्र कणभर तथ्य आहे, म्हणून त्यावर जरा थांबतो. काही वर्तुळांमध्ये एखाद्या दगडावर खळगे कोरलेले आहेत, सगळ्यांमध्ये नाहीत. अभ्यासकांनी 56 वर्तुळांची मोजणी केली तेव्हा वर्तुळाच्या मध्यापासून पाहिल्यास हे खळग्यांचे दगड तीन ठरावीक दिशांच्या गटांत पडतात असं दिसलं. याचा आकाशाशी संबंध असू शकतो, असं त्यांनी मांडलं. 'असू शकतो' एवढंच. फॉरवर्डमध्ये त्याचं 'आहे' झालं आणि पुढच्या फॉरवर्डमध्ये वेधशाळा.

दिशा पाळणं आणि आकाशाचे वेध घेणं यांत फरक आहे. दक्षिणेकडे पाय करून झोपू नये, असं आजीने आपल्याला बजावलं, म्हणून आपलं माजघर वेधशाळा ठरत नाही. मेलेल्या माणसाला निरोप देताना दिशेचं भान ठेवणं हे जगभर दिसतं, इथेही तसंच असेल. वर्तुळाच्या पोटात दुर्बिणीचा ओटा नाही सापडला. सापडली ती हाडं, काळी-तांबडी मडकी, तांब्याची भांडी, मणी.

आणि घोडे. फॉरवर्ड लिहिणाऱ्याच्या हातून नेमकी हीच गोष्ट निसटावी याचं मला खरोखर वाईट वाटतं. महुरझरीला माणसांबरोबर घोडेही पुरलेले सापडले. घोड्याच्या तोंडावर बांधायचे तांब्याचे दागिने होते, तोंडात लोखंडी लगाम. काही ठिकाणी घोड्याच्या हाडांवर कापल्याच्या खुणा आहेत, म्हणजे धन्याबरोबर घोड्याचाही बळी दिला असावा. तांब्याच्या भांड्यांच्या झाकणांवर छोटे पक्षी बसवलेले होते. महुरझरी हे अकीक आणि इतर रंगीत खड्यांचे मणी घडवण्याचं मोठं केंद्र, तर पेंच नदीकाठच्या नैकुंडला लोखंड गाळण्याची भट्टीच मिळाली. शेती करणारे, जनावरं पाळणारे, लोहार, मणी घडवणारे, घोड्यावर जीव टाकणारे लोक आहेत हे. त्यांच्यापुढे ते राक्षस अगदीच फिके.

सोन्याबद्दल एकच सांगतो. अशा थडग्यांमध्ये सोन्याच्या बारीकशा वस्तू क्वचित मिळाल्या आहेत. हंडे नाहीत. मागच्या खेपेला मी एक वर्तुळ मध्येच ताजं उकरलेलं पाहिलं, शेजारी मडक्याच्या खापरांचा ढीग आणि गुटख्याची पाकिटं. खणणाऱ्याला बहुधा तेवढीच खापरं मिळाली असणार. पण ती कुठल्या थरात होती, हाडांच्या कोणत्या बाजूला होती, हे आता कुणालाही कळणार नाही. जागा केंद्र सरकारच्या संरक्षणाखाली आहे. नासधूस केल्यास दोन वर्षांपर्यंत कैद, एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. फॉरवर्डमध्ये 'खाली सोने आहे' लिहिणाऱ्याने हे पुढचं वाक्यही लिहायला हवं होतं.

तर काका, जा नक्की. सूर्य डोक्यावर यायच्या आत, सकाळीच पोहोचा, कारण खळगे तिरप्या उन्हातच नीट दिसतात, दुपारी दगड नुसते काळे दिसतात. गवतात पाय जपून टाका. फोटोसाठी दगडावर चढू नका, लहानसा धोंडाही उचलून इकडचा तिकडे करू नका. पाणी घरूनच न्या. आणि वर्तुळाच्या मधून चालत जाण्याऐवजी कडेने जा, तिथे कुणाला तरी पुरलेलं आहे.