एकच संगीत दोन वर्षं वाजवा की!

काल रात्री लेकीशी वाद झाला. भांडण नाही, पण पोळ्या गार झाल्या आणि दोघींचंही लक्ष गेलं नाही. विषय ड्रम कोरच्या संगीताचा, इथे अमेरिकेत आमच्या घराबाहेर फार थोड्या मराठी लोकांना तो माहीत असेल, म्हणून जरा सविस्तर लिहितेय, मोठं होणार आहे, वेळ असेल तर वाचा.

ती अकरावीत आहे, शाळेच्या मार्चिंग बँडमध्ये मेलोफोन (एक पितळी फुंकवाद्य) वाजवते, आणि यंदा तिला ड्रम कोरची ऑडिशन द्यायचीय. (इंग्रजीत corps, स्पेलिंगवर जाऊ नका, म्हणायचं कोरच.) ड्रम कोर म्हणजे फक्त ब्रास (पितळी फुंकवाद्यं), ड्रम्स आणि झेंडे-रायफली फिरवणारे कलर गार्ड. बासरी, क्लॅरिनेट, सॅक्सोफोन काही नाही. जास्तीत जास्त १६५ मुलं, वयाची मर्यादा साधारण एकविशी-बाविशीपर्यंत. मे महिन्यात सगळे एका ठिकाणी जमतात, दिवसभर उन्हात सराव करतात, मग जून ते ऑगस्ट बसने देशभर फिरतात, शाळांच्या जिममध्ये जमिनीवर झोपतात, आणि हे सगळं करायला आईबापांनी हजारो डॉलर फी भरायची. कशासाठी, तर फुटबॉल ग्राउंडवरच्या बारा मिनिटांच्या एका शोसाठी. ऑगस्टमध्ये या कोरांच्या स्पर्धेच्या फायनल्स इथेच इंडियानापोलिसला लुकास ऑइल स्टेडियममध्ये असतात, आमच्या घरापासून अर्धा तास.

मी पुण्यात कॉलेजला असताना पथकात ताशा वाजवायचे. इथे आल्यावर पहिल्यांदा एका कोरची ड्रमलाईन पार्किंग लॉटमध्ये वॉर्मअप करताना ऐकली आणि अक्षरशः डोळ्यात पाणी आलं, वाटलं हे लोक आपलेच आहेत. तेव्हापासून एक उन्हाळा सोडला नाही. जुने शो पण शोधून शोधून बघितले.

तर वाद असा. मी म्हणलं, पूर्वी डोळे मिटून ऐकलं तरी कोण वाजवतंय ते कळायचं. रॉकफर्डची फँटम रेजिमेंट म्हणजे शास्त्रीय, सिंफनी, बॅले, तो गडद जड आवाज. कॉनकॉर्डचे ब्लू डेव्हिल्स म्हणजे जॅझ, १९७६ ला पहिल्यांदा जिंकले तेव्हापासून. सँटा क्लारा व्हॅनगार्डचं 'फिडलर ऑन द रूफ', त्यातला तो बॉटल डान्स. मॅडिसन स्काउट्स म्हणजे छाती फाडून वाजवलेले ट्रम्पेट. वायोमिंगमधल्या कॅस्परचे ट्रूपर्स म्हणजे जुन्या घोडदळाचा युनिफॉर्म आणि 'बॅटल हिम ऑफ द रिपब्लिक'. घराणीच होती ती, दुसरा शब्दच नाही मला सुचत.

लेक म्हणाली, आई, तुला इलेक्ट्रॉनिक्स आवडत नाही म्हणून तू असं बोलतेस.

नाही गं बाई! हा गैरसमज सगळ्यांचाच होतो म्हणून स्पष्ट सांगते. जुने लोक म्हणतात २००४ ला माइक आले, २००९ ला सिंथेसायझर आले आणि वाट लागली. मला हे अजिबात पटत नाही. २०१४ चा ब्लूकोट्सचा 'टिल्ट' बघा, त्यात इलेक्ट्रॉनिक्सच्या मदतीने अख्खा आवाज घसरत खाली येतो, जमीन कलल्यासारखं पोटात होतं, आणि तो क्षण आज जगात कुठेही लावा, ड्रम कोरवाले म्हणतील ब्लूकोट्स. म्हणजे नव्या साधनानं ओळख मिळाली, गेली नाही. आणि जुन्या काळातही साधनं बदलतच होती की, तीन व्हॉल्व्हचे (म्हणजे सूर बदलायच्या कळांचे) बिगुल १९९० ला आले, मॅडिसनने १९८८ ला 'मालागेन्या' वाजवून फायनल्स जिंकली ती दोन व्हॉल्व्हवर!! जी (G) सुरातले बिगुल, दोन व्हॉल्व्ह, आणि तो शेवटचा आवाज. ऐकाच.

माझा राग वेगळ्याच गोष्टीवर आहे. हल्ली कुठलंच गाणं थांबत नाही. बारा मिनिटांत आठ-दहा तुकडे, कधी जास्त, त्यात शास्त्रीय, पॉप, सिनेमाचं, मध्ये कुणाचा तरी रेकॉर्डेड आवाज काहीतरी गूढ बोलतोय, मुखडा कानात बसायच्या आत पुढचं सुरू. आणि ऑगस्ट संपला की शो फेकून द्यायचा, पुढच्या वर्षी नवीन थीम, नवीन संगीत, आता तर कपडे पण नवीन, पूर्वी युनिफॉर्म वर्षानुवर्षं तोच असायचा. मुलांनी त्या बारा मिनिटांसाठी उन्हाळाभर रक्त आटवलेलं असतं आणि सहा महिन्यांनी ते संगीत कुणी गुणगुणत नाही.

ओळख कशानं होते? माझ्या मते पुन्हा पुन्हा वाजवण्यानं होते. सवाईला भीमसेनजींचा शुद्ध कल्याण लोकांनी किती वेळा ऐकला असेल, कुणी म्हणालं का की अहो हा मागे झाला, आता नवीन आणा? उलट लोक चिठ्ठ्या पाठवायचे, फर्माईश करायचे, तोच अभंग द्या म्हणून. तोच राग पुन्हा आला की यावेळी काय वेगळं केलं ते कळतं, आणि ते कळणं हीच तर ऐकणाऱ्याची मजा.

ड्रम कोरमध्ये हे कुणी केलंच नाही असं थोडंच आहे. व्हॅनगार्डनं १९८८ ला 'फँटम ऑफ द ऑपेरा' केला, मूळ नाटक त्याच वर्षी जानेवारीत ब्रॉडवेवर आलेलं, म्हणजे अगदी ताजं. मॅडिसननं त्यांना हरवलं, दुसरे आले. मग काय केलं त्यांनी? १९८९ ला पुन्हा तोच 'फँटम' घेऊन आले! आज कुठली डिझाईन टीम हे धाडस करेल सांगा. आणि जिंकले, ९८.८ गुण, तोवरचे सर्वात जास्त.

दुसरं उदाहरण माझं सर्वात लाडकं. फँटम रेजिमेंटनं खाचाटुरियनच्या 'स्पार्टाकस' बॅलेचं संगीत १९८१ ला केलं, १९८२ ला परत केलं, जिंकले नाहीत. मग २००८ ला, एवढ्या वर्षांनी, पुन्हा 'स्पार्टाकस'. मुलं ग्राउंडवरून ओरडतात 'मी स्पार्टाकस', एक, मग दुसरा, मग सगळे, आणि फायनल्सला त्यांचे ९८.१२५ आणि ब्लू डेव्हिल्सचे ९८.१००. पंचवीस हजारांश गुणांनी जिंकले. व्हिडिओत स्टेडियमचा आवाज ऐकून अजून माझ्या अंगावर काटा येतो.

इथं लेकीनं मला बरोबर पकडलं. ती म्हणाली, आई, पण मुलं तर दरवर्षी बदलतात ना, कोर म्हणजे काही एक गायक नाही. बाविशी आली की बाहेर. मग आम्ही दुसऱ्यांच्या आठवणी का वाजवायच्या? आम्हाला आमचं काहीतरी नको का?

प्रश्न खरा आहे, रात्रभर डोक्यात राहिला. पण २००८ च्या त्या मुलांचं वय बघा. १९८२ ला त्यांच्यातलं एकही जन्मलेलं नव्हतं. त्यांना काय आठवणार होतं! तरी त्यांनी ते असं वाजवलं की आज स्पार्टाकस म्हणलं की लोकांना आधी तीच मुलं आठवतात. बंदिश गुरूकडून येते, म्हणून ती गाणाऱ्याची होत नाही का? आमच्या पथकातले ठोके आम्ही थोडेच बसवले होते, आमच्या आधीच्या दादा-तायांचे होते, पण लक्ष्मी रोडला गर्दीत उभं राहून ते वाजवताना ते दुसऱ्या कुणाचे आहेत असं एकदाही वाटलं नाही. ताशाची तर्री सुटली की ती त्या क्षणी माझीच असायची.

आणि उलट बाजूचं पण उदाहरण देते, कारण लेकीला ते शो खूप आवडतात आणि मलाही. स्टार ऑफ इंडियाना ही कोर. इथलीच, आमच्या राज्यातली. १९९३ ला त्यांनी संगीतकार बार्बरचं 'मिडिया' (Medea) आणि बार्टोकचं संगीत घेतलं, टाळीला जागाच नाही, काही ठिकाणी लोकांनी हुर्यो पण केली. फायनल्सला कॅडेट्स नावाच्या कोरकडून ०.१ नं हरले, कॅडेट्स ९७.४, स्टार ९७.३. आणि त्यानंतर स्पर्धाच सोडली. आज तो शो सर्वोत्तम मानणारे कितीतरी आहेत. म्हणजे अवघड संगीत, नवीन संगीत, लोकांना न कळणारं संगीत, याला माझा विरोध नाहीच मुळी. पण पुढे काय झालं बघा, त्याच मंडळींनी रंगमंचावर 'ब्लास्ट!' काढलं, ब्रॉडवेवर गेलं, २००१ ला टोनी हे नाटकांचं अवॉर्ड मिळालं, आणि त्यात 'मिडिया' होतं! रोज रात्री, तेच. स्पर्धेत एका उन्हाळ्यात संपलेलं संगीत स्पर्धेबाहेर पडल्यावर जगलं.

आता स्पर्धेला दोष द्यायचा का? थोडा. १०० पैकी ४० गुण जनरल इफेक्टचे, म्हणजे एकूण परिणामाचे, ३० व्हिज्युअल, ३० म्युझिक, आणि काय वाजवलं आणि कसं वाजवलं दोन्हीला मार्क. डिझाईनला मार्क असले की डिझायनर मोठा होतो, हे समजण्यासारखं आहे. ते डिझायनर, अरेंजर (संगीत कोरसाठी बसवणारे) पण एका कोरमधून दुसऱ्यात जातात, त्यांच्याबरोबर शैली जाते. त्यात परत कॉपीराइट. प्रत्येक अरेंजमेंटला परवानगी, परवानगीला पैसे, जुन्या रेकॉर्डिंगमध्ये मध्येच आवाज बंद केलेला असतो त्याचं कारण हेच. हे सगळं मान्य. पण परवानगीला पैसे पडतात तर मग एकदा घेतलेली चीज दोन-तीन वर्षं वापरा ना, यात तर पैसे वाचतील!

एक गोष्ट मला फार लागते. या सगळ्या कोरांकडे त्यांचं स्वतःचं एक गाणं असतंच. व्हॅनगार्डचं 'सेंड इन द क्लाउन्स', मॅडिसनचं 'यू विल नेव्हर वॉक अलोन', फँटम रेजिमेंटचं म्हणजे वाग्नरचं 'एल्साज प्रोसेशन'. वर्षानुवर्षं तेच, कुणी बदलत नाही, मुलं गोल करून उभी राहतात, सत्तरीतले जुने मेंबर मागे येऊन उभे राहतात, आणि वाजवताना सगळे रडतात. याला कुणी म्हणत नाही की हे जुनं झालं. फक्त हे बहुतेक वेळा लॉटमध्ये वाजतं, वॉर्मअपला, शो झाल्यावर, जिथं जज नसतो.

मी म्हणते ते ग्राउंडवर का नको? कुठल्या तरी एका कोरनं एकदा तरी करून बघावं. मागच्या वर्षीच्या शोमधला बॅलड, म्हणजे संथ गाणं, अख्खा, दोन मिनिटं, न तोडता, पुन्हा. मार्क कमी पडले तर पडू देत एक वर्ष.

लेकीनं शेवटी विचारलं, मग मी कुठं ऑडिशन देऊ? मी म्हणलं जिथला आवाज तुला घरी आल्यावरही ऐकू येतो तिथं दे, शो कुठला आहे ते बघू नकोस, शो बदलणारच आहे. ती काही बोलली नाही, ताट उचललं आणि खोलीत गेली. थोड्या वेळानं एल्सा ऐकू आलं, मेलोफोनचीच लाईन, चार-पाच वेळा.

इंडियानापोलिसच्या आसपासच्या मराठी मंडळींनो, आणि शिकागो, ओहायोवाल्यांनो पण, ऑगस्टमध्ये फायनल्सला येणार असाल तर मेसेज करा. तिकिटं महाग वाटली तर नुसतं दुपारी लॉटमध्ये या, पाणी आणि टोपी आणा, ड्रमलाईनच्या अगदी जवळ उभं राहता येतं. पथकात वाजवलेल्यांनी तर याच. आणि तोवर १९८८ मॅडिसन आणि २००८ फँटम रेजिमेंट ऐकून मला खाली सांगा कसं वाटलं, चांगल्या स्पीकरवर, फोनवर नको.