कॉलेज बास्केटबॉल खेळाडूंच्या पळापळीने बुडालं? दाव्याची मुद्देसूद झडती

एप्रिल आला, एनसीएए या कॉलेज खेळांच्या नियामक संस्थेची बास्केटबॉल स्पर्धा आटोपली की अमेरिकेत एक दावा जोरात फिरू लागतो. मराठी मंडळींच्या ग्रुपांवरही तो येतो. गोषवारा असा: पूर्वी मुलं एका कॉलेजात चार वर्षं निष्ठेने खेळायची. आता ट्रान्स्फर पोर्टल (कॉलेज बदलू पाहणाऱ्या खेळाडूंची नोंदयादी) आणि एनबीए या व्यावसायिक लीगमध्ये जायची घाई यांनी खेळाची वाट लावली. पैसा दिसला की खेळाडू पळतो, कोच बिचारे हात चोळत बसतात, छोटी कॉलेजं मेली, शिक्षण तर केव्हाच गेलं. उपाय एकच: कॉलेज बदलणाऱ्याला पूर्वीसारखं वर्षभर बाकावर बसवा.

यात दोन मुद्दे अर्धे खरे आहेत. बाकीचे एकेक करून घेऊ.

“पोर्टल आणि एनबीएची घाई हे एकच दुखणं आहे”

हे दोन प्रवाह सध्या उलट दिशांनी वाहतायत. 2021 च्या एनबीए ड्राफ्टसाठी, म्हणजे संघांच्या वार्षिक खेळाडू-निवडीसाठी, 353 खेळाडूंनी आपोआप पात्र ठरण्याआधीच नावं दिली होती. 2025 साठी दिली फक्त 106 जणांनी, तेव्हा तो 2015 नंतरचा सर्वांत कमी आकडा होता. 2021 चा आकडा कोविडमुळे मिळालेल्या जादा वर्षाने फुगला होता, हे मान्य. पण तो फुगवटा वजा केला तरी उतार राहतोच.

कारण साधा हिशेब आहे. ड्राफ्टच्या पहिल्या फेरीत निवड झाली तर पहिल्या दोन मोसमांचा पगार हमीचा असतो. दुसऱ्या फेरीत अशी हमी आपोआप मिळत नाही. तिथले बरेच जण टू-वे करारावर (एनबीए आणि तिची दुय्यम जी लीग, दोन्हीकडे खेळायच्या) जातात, ज्याचा पगार 2024-25 मध्ये 5,78,577 डॉलर होता. तोही नाही मिळाला तर जी लीग, आणि तिथे त्याच मोसमाचा मूळ पगार 43,000 डॉलर. आता दुसरी बाजू बघा. 1 जुलै 2021 पासून कॉलेज खेळाडूला स्वतःचं नाव आणि चेहरा वापरून कमावता येतं. जून 2025 मध्ये न्यायालयाने मंजूर केलेल्या हाउस खटल्याच्या (खेळाडूंनी एनसीएएविरुद्ध लढलेल्या) तडजोडीनंतर कॉलेजं थेटही पैसे देऊ शकतात. 2025-26 साठी एका कॉलेजची सगळ्या खेळांची मिळून मर्यादा सुमारे 2 कोटी 5 लाख डॉलर होती. ड्राफ्टमध्ये चाळिसाव्या क्रमांकाच्या आसपास अंदाज असलेल्या मुलाने अशा वेळी घाई कशाला करावी?

याक्सेल लेंडबोर्गने हेच केलं. अलाबामा-बर्मिंगहॅममधला हा फॉरवर्ड 2025 मध्ये पोर्टलमध्येही होता आणि ड्राफ्टमध्येही. दोन्ही डगरींवर हात ठेवून त्याने मे अखेरपर्यंत अंदाज घेतला, मग ड्राफ्टमधून नाव काढून मिशिगनला गेला. नियमात हे बसतं: एनबीएच्या शिकागोतल्या चाचणी शिबिरानंतर दहा दिवसांपर्यंत माघार घेतली तर खेळाडूची कॉलेज पात्रता शाबूत राहते. 2016 पासून ही मुदत आहे. मात्र 2025 मध्ये पोर्टलची खिडकी 22 एप्रिललाच बंद झाली होती. म्हणजे ज्याला ड्राफ्ट जमला नाही तर नवं कॉलेज हवं होतं, त्याला पोर्टलचा अर्ज महिनाभर आधीच टाकावा लागला. पोर्टलमधल्या गर्दीत असे सावधगिरीचे अर्जही असतात.

हायस्कूलमधून थेट येणाऱ्या गुणवंतांसाठी एनबीएने काढलेला जी लीग इग्नाइट हा संघसुद्धा 2023-24 नंतर गुंडाळावा लागला. पंजाबचा प्रिन्सपाल सिंग ज्यातून खेळला तोच हा संघ. कॉलेजातच पैसे मिळू लागल्यावर त्याचं प्रयोजन उरलं नाही.

आणि एक वर्ष खेळून जाण्याची जी रीत आहे, ती कॉलेजांच्या हातातली नाहीच. खेळाडू ड्राफ्टच्या वर्षात 19 चा होत असावा आणि त्याच्या हायस्कूल तुकडीला एक वर्ष झालेलं असावं, ही अट एनबीए आणि तिथल्या खेळाडू संघटनेच्या करारातली आहे. 2006 च्या ड्राफ्टपासून ती लागू आहे.

“पूर्वी निष्ठा होती”

पूर्वी कुलूप होतं. 1972-73 चा मोसम येईपर्यंत पहिल्या वर्षाच्या मुलांना मुख्य संघात खेळायलाच मिळत नसे. तेव्हाचे दिग्गज चार वर्षं शिकले तरी मुख्य संघात तीनच वर्षं दिसले. कॉलेज सोडून व्यावसायिक व्हायची वाट स्पेन्सर हेवूडने 1971 मध्ये सर्वोच्च न्यायालयापर्यंत जाऊन उघडली. कॉलेज बदलायचं तर ऑक्टोबर 2018 पर्यंत आधीच्या कॉलेजची परवानगी लागायची. ती नाकारता येत असे किंवा अमुक कॉलेजांशी बोलायचं नाही अशी यादी जोडून देता येत असे. परवानगी मिळूनही नव्या जागी एक वर्ष खेळायला बंदी.

हे वर्षभराचं बसणं सगळ्या खेळांना नव्हतं, हे या दाव्यात कधीच येत नाही. पोहणारा, टेनिसपटू किंवा धावपटू एकदा कॉलेज बदलून लगेच उतरू शकत असे. बंदी पाच खेळांना होती: वरच्या गटातलं अमेरिकी फुटबॉल, पुरुष आणि महिला बास्केटबॉल, बेसबॉल आणि पुरुषांची आइस हॉकी. तिकीट आणि टीव्हीचा पैसा ज्यांत आहे ते बहुतेक खेळ यातच सापडतात. एप्रिल 2021 मध्ये या पाचांनाही बाकीच्यांसारखी एकदाची सूट मिळाली, बस.

“बटण दाबलं की मोकळे”

बटण खेळाडूच्या हातात नाही. पोर्टल हा कॉलेजांच्या कचेऱ्यांनी वापरायचा एक माहितीसाठा आहे. खेळाडू ठरलेल्या खिडकीत आपल्या कॉलेजच्या कम्प्लायन्स ऑफिसला (नियमपालन पाहणाऱ्या कचेरीला) लेखी कळवतो, नियम समजावणारा ऑनलाइन पाठ पूर्ण करतो. त्यानंतर दोन कामकाजाच्या दिवसांत कॉलेजने त्याचं नाव चढवायचं. नाव दिसल्यावरच इतर कोचांनी संपर्क करायचा. आधी केला तर तो नियमभंग. तो सर्रास होतो, हेही तितकंच खरं, आणि मधल्या माणसांच्या फोनवरून होत असल्यामुळे सिद्ध करणं कठीण जातं.

धोका आहे तो पुढे. नाव चढलं की आधीच्या कॉलेजला पुढच्या सत्राची शिष्यवृत्ती काढून घ्यायची आणि जागा दुसऱ्याला द्यायची मोकळीक मिळते. नाव मागे घेता येतं, पण परत घ्यायची सक्ती कॉलेजवर नाही. म्हणूनच नवी जागा न मिळालेली मुलं दरवर्षी उरतात.

दाव्यासोबत फिरणारा “पोर्टलमध्ये दोन हजारांवर नावं” हा आकडा खरा आहे. एनसीएएच्या पहिल्या, म्हणजे सर्वांत वरच्या, विभागात सुमारे 360 पुरुष संघ आणि प्रत्येकात साधारण पंधरा खेळाडू धरले तर एकूण साडेपाच हजारांच्या घरात जातात, तेव्हा प्रमाण मोठंच आहे. पण त्या यादीत शिष्यवृत्ती नसलेली मुलं आहेत, पदवी घेऊन पदव्युत्तर वर्षासाठी निघालेले आहेत, कोच गेला म्हणून निघालेले आहेत. आणि “पुढच्या मोसमात तुला फारशी मिनिटं मिळणार नाहीत” असं मार्चअखेरच्या बैठकीत कोचने सांगितलं म्हणून निघालेलेही बरेच. त्यांना काढून टाकलं असं कुठे नोंदत नाहीत. नोंद होते “पोर्टलमध्ये गेला” अशी.

“कोच बिचारे बघत बसतात”

इथे फ्लोरिडा अटलांटिकचं उदाहरण बारकाईने बघण्याजोगं आहे. बोका रेटनचं हे कॉलेज 2023 मध्ये नवव्या मानांकनावरून अंतिम चौघांत पोहोचलं आणि सॅन दिएगो स्टेटकडून शेवटच्या क्षणाच्या बास्केटवर 72-71 ने हरलं. पोर्टल तेव्हा उघडं होतं, मोठ्या कॉलेजांचे डोळे या मुलांवर होते. तरी जवळजवळ सगळा संघ पुढच्या मोसमाला परतला. 2024 च्या मार्चमध्ये त्यांचा कोच डस्टी मे मिशिगनला गेला आणि मग संघ पांगला: व्लादिस्लाव गोल्डिन कोचमागोमाग मिशिगनला, जॉनेल डेव्हिस आर्कान्सॉला, अलाइजा मार्टिन फ्लोरिडाला. दोन्ही वर्षी पोर्टलचे नियम जवळपास सारखे होते. फरक पडला तो कोचचा.

त्याच वर्षी जॉन कॅलिपारी केंटकी सोडून आर्कान्सॉला गेले, काही खेळाडूही त्यांच्यामागे गेले. केंटकीत आलेल्या मार्क पोप यांना शिष्यवृत्तीवरचा एकही जुना खेळाडू हाती लागला नाही, अख्खा संघ नव्याने उभारावा लागला. कोच गेल्यावर खेळाडूंना वेगळी खिडकी देण्याचा नियम आला तो उगाच नाही. कोचला एक वर्ष बाकावर बसवा, असं मात्र कुणी म्हणत नाही.

“विकतचे संघ जिंकत नाहीत”

7 एप्रिल 2025 ला फ्लोरिडाने ह्यूस्टनला 65-63 ने हरवून विजेतेपद घेतलं. त्यांच्या सुरुवातीच्या पाचांत चार जण बाहेरून आलेले: वॉल्टर क्लेटन आयोनाहून, विल रिचर्ड बेलमॉन्टहून, रूबेन चिन्येलू वॉशिंग्टन स्टेटहून आणि वर उल्लेखलेला मार्टिन. 2021 चा विजेता बेलरही बराचसा बाहेरून आलेल्यांवर उभा होता. आता उलटी बाजू: पहिल्या वर्षाच्या मुलांवर मुख्य भार टाकून विजेता झालेला शेवटचा संघ म्हणजे 2015 चा ड्यूक. बावीस-तेवीस वर्षांचे, तीन-चार मोसम मुरलेले खेळाडू अठराच्या मुलांना भारी पडतात, ही यातली खरी गोष्ट.

“छोटी कॉलेजं मेली”

हा पहिला अर्धा खरा मुद्दा. 2025 च्या स्पर्धेत शेवटच्या सोळांत चारच मोठ्या परिषदांचे (कॉलेजांच्या गटांचे) संघ होते: एसईसीचे सात, बिग टेन आणि बिग 12 चे चार-चार, एसीसीचा एकटा ड्यूक. 2022 मध्ये पंधराव्या मानांकनावरून शेवटच्या आठांत गेलेलं सेंट पीटर्स त्याच उन्हाळ्यात रिकामं झालं. कोच शाहीन हॉलोवे सीटन हॉलला गेले, पाठोपाठ प्रमुख खेळाडू वेगवेगळ्या दिशांना.

पण वाहतूक एकेरी नाही. 2023 मध्ये फेअरली डिकिन्सनने पर्ड्यूला हरवलं ते टोबिन अँडरसन या कोचने दुसऱ्या विभागातल्या सेंट थॉमस अक्वायनसहून सोबत आणलेल्या गार्डांच्या जोरावर. 2024 मध्ये केंटकीला घरी पाठवणाऱ्या ओकलंडचा जॅक गोल्की दुसऱ्या विभागातल्या हिल्सडेलहून आला होता. छोट्यांचं नुकसान आहे ते भरपाईचं. मुलाला घडवायला दोन वर्षं लावणाऱ्या कॉलेजला तो गेल्यावर एक पैसाही मिळत नाही. युरोपीय फुटबॉलमध्ये खेळाडू घडवणाऱ्या क्लबला वाटा मिळतो, तसं इथे काही नाही. दावा करणाऱ्यांनी हे मागितलं तर आमचा पाठिंबाच आहे.

“शिक्षण गेलं”

दुसरा अर्धा खरा मुद्दा, आणि इथे नेमकं काय बिघडतं ते कुणी सांगत नाही. पात्रता टिकवायला दुसऱ्या वर्षाअखेर पदवीच्या 40 टक्के, तिसऱ्याअखेर 60 आणि चौथ्याअखेर 80 टक्के अभ्यासक्रम पुरा असावा लागतो. 120 क्रेडिटच्या पदवीत हे अनुक्रमे 48, 72 आणि 96 क्रेडिट. नवं कॉलेज जुनी क्रेडिट स्वीकारतं, पण स्वीकारणं वेगळं आणि निवडलेल्या पदवीत धरणं वेगळं. समजा 60 क्रेडिट घेऊन मुलगा निघाला आणि नव्या विषयात त्यातली 42 च लागू झाली. मग तो 48 ला सहा कमी पडला. उन्हाळी सत्रात दोन विषय घेऊन ती भरली नाहीत तर नोव्हेंबरात तो कोर्टवर नसतो. शिवाय अनेक विद्यापीठांत शेवटची 30 च्या आसपास क्रेडिट तिथेच घ्यावी लागतात. तीनदा कॉलेज बदलणाऱ्याची पदवी अडते ती अशी. यावर इलाज एकच: होकार देण्याआधी नव्या कॉलेजच्या रजिस्ट्रारकडून पदवीनिहाय क्रेडिटचा लेखी हिशेब मागून घ्यायचा. कोचच्या तोंडी आश्वासनावर जायचं नाही.

पदवी पूर्ण करणाऱ्यांचे आकडे वाचतानाही जपून. सरकारी पद्धतीत बदली करून गेलेला विद्यार्थी पहिल्या कॉलेजच्या खात्यात “पदवी नाही” असा धरला जातो. एनसीएएच्या पद्धतीत चांगल्या गुणांनिशी गेलेला हिशेबातून वगळला जातो. त्यामुळे “शिक्षण कोसळलं” आणि “शिक्षण उत्तम चाललंय” ही दोन्ही विधानं एकाच कॉलेजबद्दल आकड्यांसकट करता येतात.

परदेशी मुलांची अडचण आणखी वेगळी, ती एफ-1 या विद्यार्थी व्हिसावर मुलं पाठवणाऱ्या घरांना लगेच कळेल: सेविस (परदेशी विद्यार्थ्यांची सरकारी यादी) मधली नोंद नव्या कॉलेजकडे हलवायची, नवा आय-20 हा प्रवेशाचा दाखला घ्यायचा, खंड पडू द्यायचा नाही. “सगळे पैशासाठी पळतात” म्हणताना हेही लक्षात घ्यावं की एफ-1 वर अमेरिकेत काम करून कमावण्यावर कडक बंधनं आहेत. काँगोचा ऑस्कर शिब्वे केंटकीला असताना ऑगस्ट 2022 मध्ये संघ बहामाला गेला, तेव्हा त्याने जाहिरातींची कामं तिथे, अमेरिकेबाहेर, उरकून घेतली.

“एक वर्ष बसवा”

हे आता एनसीएएच्या एकटीच्या हातात राहिलेलं नाही. दुसऱ्यांदा बदली केलेल्यांना बसवण्याचा नियम ओहायो, वेस्ट व्हर्जिनियासह सात राज्यांनी न्यायालयात नेला. 13 डिसेंबर 2023 ला वेस्ट व्हर्जिनियातले संघीय न्यायाधीश जॉन प्रेस्टन बेली यांनी मक्तेदारीविरोधी कायद्याखाली त्याला तात्पुरती स्थगिती दिली. मॉन्टाना स्टेटहून वेस्ट व्हर्जिनियाला आलेला रेक्वॉन बॅटल त्यामुळेच खेळू शकला. एप्रिल 2024 मध्ये एनसीएएने बदल्यांची संख्यामर्यादाच काढली, अट ठेवली ती अभ्यासाची. त्याच वर्षी मे महिन्यात केंद्रीय न्याय खात्याबरोबर तडजोड झाली.

खेळाडूला बांधणारा नियम टिकतो तो दोन मार्गांनी: अमेरिकी संसदेने (काँग्रेसने) सूट दिली तर, किंवा खेळाडूंच्या संघटनेने कराराने मान्य केला तर. एनबीएची वयाची अट दुसऱ्या प्रकारची आहे. कॉलेजात तशी संघटना नाही. डार्टमथच्या पुरुष बास्केटबॉल संघाने मार्च 2024 मध्ये 13 विरुद्ध 2 मतांनी ती करायचं ठरवलं होतं. कॉलेजने वाटाघाटीला बसायला नकार दिला आणि त्या वर्षाच्या शेवटच्या दिवशी संघटनेचा अर्ज मागे घेतला गेला.