हरायची सोय नसलेल्या निवडणुका

"एवढी वर्षं निवडून येतोय म्हणजे लोकांनाच हवाय ना तो?" हे वाक्य हल्ली कुठेही ऐकू येतं, बसमध्ये, देवळाच्या ओट्यावर, लग्नाच्या जेवणात. परवा विषय रशियाचा होता. २०२४ च्या मार्चमध्ये पुतीनला ८७ टक्के मतं पडली, मग तुम्ही आम्ही कोण बोलणारे, असं एक चांगला शिकलेला माणूस म्हणाला. तिथे वाद घालायची जागा नव्हती म्हणून गप्प बसलो, पण डोक्यातून जाईना. आपण गोव्याच्या लोकांनी तरी असं बोलू नये असं मला मनापासून वाटतं, कारण निवडणुकीच्या दोन्ही तऱ्हा आपल्या इतिहासात आहेत.

पहिली तऱ्हा सालाझारची. १९३२ ते १९६८, तब्बल ३६ वर्षं तो पोर्तुगालचा पंतप्रधान होता आणि त्यातली १९६१ पर्यंतची वर्षं आपल्याही डोक्यावर होता. बऱ्याच जणांना वाटतं की हुकूमशहा होता म्हणजे निवडणुका घेतच नसणार. घेत होता, अगदी वेळच्या वेळी! १९५८ साली राष्ट्राध्यक्षपदाची निवडणूक झाली, सरकारचा उमेदवार अमेरिको तोमास आणि त्याच्यासमोर उभा राहिला जनरल उंबेर्तो देलगादो. पत्रकारांनी त्याला विचारलं, निवडून आलात तर सालाझारचं काय करणार? तो म्हणाला, अर्थातच त्याला पदावरून काढणार. ज्या देशात छापून येणारी ओळ न् ओळ सेन्सॉरच्या हाताखालून जायची आणि पिडेचे गुप्त पोलीस कानोसा घेत फिरायचे तिथे हे जाहीर बोलणं म्हणजे केवढी छाती लागते. पोर्तो शहरात त्याला बघायला रस्ते भरून लोक आले. निकाल लागला तेव्हा सरकारने सांगितलं, देलगादोला साधारण एक चतुर्थांश मतं. मोजणीवर विरोधकांची नजर नव्हती, त्यामुळे खरी किती होती ते त्या पेट्यांनाच माहीत.

आता मला सांगा, चारातल्या तिघांनी ज्याच्या माणसाला मत दिलंय तो घाबरेल कशाला? पण पुढच्याच वर्षी, १९५९ ला, राष्ट्राध्यक्षाची थेट निवडणूकच रद्द करून टाकली, लोकांऐवजी एका निवडक मंडळाने निवडायचं असं ठरलं. देलगादोला देश सोडावा लागला आणि १९६५ मध्ये स्पेनच्या सीमेजवळ गाठून पिडेने त्याचा खून केला. आपल्या आकड्यावर त्यांचा स्वतःचाच विश्वास नव्हता याचा आणखी काय पुरावा पाहिजे.

हे वाचल्यावर ८७ टक्क्यांकडे परत बघा. त्या निवडणुकीत युद्धाच्या विरोधात बोलणारा नादेझ्दिन उभा राहायला निघाला तर त्याच्या पाठिंब्याच्या सह्या अवैध ठरवून त्याला बाद केलं. पुतीनचा सगळ्यात मोठा विरोधक नवाल्नी तर मतदानाच्या महिनाभर आधी तुरुंगात मेला. समोर कोण उभं राहणार हे खुर्चीवर बसलेलाच ठरवतो, मग टक्के मोजून काय कळणार?

दुसरी तऱ्हा आपली स्वतःची, गोवा महाराष्ट्रात विलीन करायचा की वेगळा ठेवायचा यावरचा १९६७ चा जनमत कौल. भाऊसाहेब बांदोडकर तेव्हा मुख्यमंत्री, डिसेंबर १९६३ च्या पहिल्या निवडणुकीपासून त्यांच्या मगोची (महाराष्ट्रवादी गोमंतक पक्षाची) सत्ता, आणि विलीनीकरण हा त्यांचा जीव की प्राण. विरोधकांचं म्हणणं होतं की हे सरकार खुर्चीवर असताना कौल घेतला तर तो निष्पक्ष होणार नाही. आणि खरंच, भाऊसाहेबांच्या सरकारने राजीनामा दिला, डिसेंबर १९६६ मध्ये राष्ट्रपती राजवट आली आणि मग १६ जानेवारीला मतदान झालं. मामलेदारापासून तलाठ्यापर्यंत सगळी यंत्रणा हाताखाली असलेला माणूस मतदानाआधी ती सोडून बाजूला झाला, हे आजच्या हिशेबात जरा बसवून बघा. प्रचार तर दोन्हीकडून जोरात, विलीनीकरणासाठी 'गोमन्तक' लिहितोय आणि त्याच्या विरोधात 'राष्ट्रमत' लिहितोय, दोन्ही मराठीच दैनिकं, कुणाचंही तोंड कुणी बांधलं नाही. दोन पानांना, म्हणजे वेगळं राहण्याच्या खुणेला, १,७२,१९१ आणि विलीनीकरणाच्या फुलाला १,३८,१७०. फूल हरलं.

आमचे आजोबा पेडण्याचे, पक्के फुलाचे. विलीनीकरण व्हायलाच हवं होतं हे ते शेवटपर्यंत म्हणत राहिले, पानांवाल्या शेजाऱ्याशी त्यावरून पडवीत बसून तावातावाने भांडायचे सुद्धा. पण मतं चोरली, पेट्या बदलल्या असं त्यांच्या तोंडून मी एकदाही ऐकलं नाही. माझ्या मते निवडणूक स्वच्छ झाली की नाही हे विचारायचं तर हरलेल्या माणसाला विचारावं, जिंकलेला काय, तो खूशच असतो.

आणि गंमत नाही, खरी मोठी गोष्ट पुढे आहे. दोनच महिन्यांनी, मार्चमध्ये विधानसभेची निवडणूक झाली आणि त्याच लोकांनी मगोला परत निवडून दिलं. जानेवारीत भाऊसाहेबांना नाही म्हटलं, मार्चमध्ये हो म्हटलं, आणि दोन्ही वेळा लोकांचंच चाललं. ऑगस्ट १९७३ मध्ये गेले तेव्हाही ते मुख्यमंत्रीच होते. त्यामुळे कोणी खूप वर्षं निवडून आला म्हणजे लबाडीच केली असं मी अजिबात म्हणणार नाही, माणूस खरोखर लोकांच्या मनात असू शकतो. १९८० ला त्याच मगोला लोकांनी घरी बसवलं आणि तो पक्ष मुकाट सत्तेतून गेला, एवढंच. झांबियात केनेथ कौंडा २७ वर्षं राज्य करून १९९१ ला हरला आणि खुर्ची सोडून गेला.

मी मतदान केंद्रावर उमेदवाराचा पोलिंग एजंट म्हणून बसलेलो आहे म्हणून आणखी एक सांगतो. पहाटे साडेपाचला शाळेच्या वर्गात मॉक पोल असतो, एजंटांसमोर निदान ५० मतं टाकून बघायची, मशीनचा आकडा आणि व्हीव्हीपॅटच्या चिठ्ठ्या जुळवायच्या, मग मशीन कोरं करून त्या चिठ्ठ्या काळ्या पाकिटात सीलबंद. डोळ्यांवर झोप असते, कंटाळा येतो, पण तेव्हाच बघायचं असतं. संध्याकाळी फॉर्म १७सी ची प्रत मिळते, किती मतं पडली, कुठल्या नंबरचं सील लावलं ते सगळं त्यात, आणि मोजणीच्या दिवशी ते ताडून बघता येतं. २०१७ ला सगळ्याच्या सगळ्या मतदारसंघांत व्हीव्हीपॅट वापरणारं पहिलं राज्य आपलं गोवा होतं.

या कागदाची किंमत व्हेनेझुएलाने दाखवली. जुलै २०२४ ला मादुरो जिंकला असं तिथल्या आयोगाने जाहीर केलं, पण केंद्रनिहाय आकडे दिलेच नाहीत. तिथल्या मशीनमधून उमेदवारवार मतांची पावती निघते, ती विरोधकांच्या साध्या साध्या कार्यकर्त्यांनी मिळवून जपली होती. ८० टक्क्यांहून जास्त केंद्रांच्या पावत्या त्यांनी जगासमोर ठेवल्या, त्यात त्यांचा उमेदवार गोन्सालेस दोन तृतीयांश मतं घेऊन पुढे. मादुरोने तरी जानेवारीत परत शपथ घेतलीच, पण खोटं तर उघडं पडलं.

आपल्याकडचं काय, हे विचारणारच तुम्ही. आपला देश रशिया झालाय असं मी म्हणत नाही, २०२४ ला भाजप २४० वर थांबला, दक्षिण गोवा काँग्रेसकडेच राहिला, म्हणजे सत्तेतला माणूस इथे हरू शकतो. पण निवडणूक आयुक्त निवडणाऱ्या समितीत सरन्यायाधीश असावेत असं सुप्रीम कोर्टाने मार्च २०२३ मध्ये सांगितलं आणि डिसेंबरात कायदा करून त्यांच्या जागी केंद्रीय मंत्री बसवला, हे मला साफ चुकीचं वाटतं. पंतप्रधान, तो मंत्री आणि विरोधी पक्षनेता या तिघांतले दोघे सरकारचेच, मग पंच कोण नेमणार ते उघड आहे. आज भाजप आहे, उद्या दुसरा कोणी असेल, तेव्हाही मी हेच म्हणेन.

२०२७ ची विधानसभा आली. तुम्ही कुठल्याही पक्षाचे असा, आपल्या वाड्यावरच्या बूथला एजंट नाही असं होऊ देऊ नका, मॉक पोलला वेळेवर जा आणि १७सी ची प्रत सहीनिशी घेतल्याशिवाय संध्याकाळी घरी येऊ नका. ज्यांना एजंट बसायचंय पण काय करायचं ठाऊक नाही त्यांनी मला मेसेज करा, मी बसून समजावून देईन.