व्हाइट सॉक्सच्या १२१ पराभवांबद्दल

शिकागो व्हाइट सॉक्स या आमच्या बेसबॉल टीमचा २०२४ चा सीझन संपला एकदाचा. १६२ मॅच, ४१ विजय, १२१ पराभव. १९०१ नंतरच्या मेजर लीगमध्ये, म्हणजे अमेरिकेतल्या बेसबॉलच्या सर्वांत वरच्या लीगमध्ये, एका सीझनला इतक्या मॅच कुठलीच टीम हरलेली नाही. याआधीचा विक्रम १९६२ च्या न्यूयॉर्क मेट्सचा, १२० पराभवांचा. पण मेट्सचं ते पहिलंच वर्ष होतं. आमची टीम शंभरी ओलांडलेली आहे आणि तीनच वर्षं आधी, २०२१ ला, ९३ मॅच जिंकून डिव्हिजनची, म्हणजे लीगमधल्या आपल्या गटाची, चॅम्पियन झाली होती! ती टीम अशी मातीला मिळवली, याचा मला संताप आहे.

भारतातल्या मैत्रिणी विचारतात, एका टीमचं एवढं काय मनाला लावून घ्यायचं? अगं, बेसबॉल जवळजवळ रोज असतो. मार्चअखेरपासून सप्टेंबरपर्यंत संध्याकाळचा स्वयंपाक, जेवण, आवराआवर, सगळं मॅचच्या सोबतीनं होतं. २०२४ ला पहिल्या २५ मॅचमध्ये ३ विजय. मग १० जुलै ते ५ ऑगस्ट सलग २१ पराभव. ऑकलंडला ती मालिका एकदाची तुटली आणि दोन दिवसांत मॅनेजर (म्हणजे टीमचे मुख्य कोच) पेद्रो ग्रिफोल यांना काढलं. त्यांच्या डावपेचांवर मीही चिडायचे, पण सबंध सीझनमध्ये जेमतेम ५०७ रन करणारी बॅटिंग त्यांच्या हाती दिली कोणी?

माझं बोट मालकाकडे आहे. जेरी राइन्सडॉर्फ १९८१ पासून टीम चालवतात. २००५ ची वर्ल्ड सिरीज, म्हणजे मेजर लीगचं विजेतेपद, त्यांच्याच काळातली, ८८ वर्षांनी आलेली, ते श्रेय मी नाकारत नाही. पण पुढचं बघा. २०१६ च्या शेवटी क्रिस सेलसारखा पिचर (बॉल टाकणारा खेळाडू) दुसऱ्या टीमला देऊन टाकला आणि आम्हाला सांगितलं, धीर धरा, नवी टीम बांधतोय. आम्ही धरला. २०१८ ला १०० मॅच हरलो तरी धरला. पोरं तयार झाली, आता दोन-तीन मोठे खेळाडू विकत घ्यायचे, तर तिथेच हात आखडला. या फ्रँचायझीनं आजवर दिलेला सर्वांत मोठा करार साडेसात कोटी डॉलरचा आहे. शिकागोसारख्या शहरात! २०२३ ला १०१ पराभव होताना टीमचा कारभार बघणाऱ्या वरच्या दोघांना काढलं आणि नऊ दिवसांत टीमच्या ऑफिसातलेच क्रिस गेट्झ जनरल मॅनेजर, म्हणजे टीम बांधणारे प्रमुख. बाहेर शोधाशोध करायचे कष्टसुद्धा घेतले नाहीत.

आणि २०२४ लाच राइन्सडॉर्फ शिकागोच्या साउथ लूप भागातल्या नव्या स्टेडियमसाठी इलिनॉय राज्याकडे सरकारी पैसे मागत फिरले. आत्ताचं स्टेडियम १९९१ चं, तेही जनतेच्याच पैशांतून झालेलं. १९८८ ला टीम फ्लोरिडाला नेण्याची धमकी दिल्यावर सरकारनं ते मंजूर केलं होतं. माझ्या टॅक्समधून यांना आता आणखी काही मिळू नये असं मला मनापासून वाटतं.

खेळाडूंवर माझा राग नाही, हेही लिहायला हवं. पिचर गॅरेट क्रोशे पहिल्यांदाच पूर्ण सीझन स्टार्टर, म्हणजे मॅचच्या सुरुवातीपासून बॉल टाकणारा, म्हणून खेळला आणि १४६ इनिंगमध्ये २०९ स्ट्राइकआउट काढले, म्हणजे इतके बॅटर तीन स्ट्राइकवर बाद केले. अशा टीममध्ये! पाठीमागे रन नाहीत, आज-उद्या ट्रेड होणार, म्हणजे दुसऱ्या टीमला दिला जाणार, ही चर्चा कायम कानावर, तरी पोरगा प्रत्येक वेळी जीव तोडून टाकत होता. घरच्या शेवटच्या सिरीजमध्ये एंजल्सला तिन्ही मॅच हरवलं, म्हणजे १२१ वा पराभव आमच्या डोळ्यांदेखत झाला नाही. तो डेट्रॉइटला झाला. एंजल्सविरुद्धच्या त्या सिरीजमध्ये टीम जिंकत असतानाही स्टँडमधून 'सेल द टीम'च्या घोषणा येत होत्या. काहींना ते खेळाडूंचा अपमान वाटलं. मला नाही वाटलं. लोक कोणाला ऐकवत होते ते मैदानावरच्या प्रत्येकाला कळत होतं.

वर ड्राफ्टचा, म्हणजे नवे खेळाडू निवडण्याचा, नियम बघा. एरवी कमकुवत टीमना लॉटरीनं आधीचे नंबर मिळतात, पण मोठ्या शहरातल्या टीमला लागोपाठ दोन वर्षं लॉटरीतला नंबर मिळत नाही. त्यामुळे सगळ्यांत वाईट खेळूनही २०२५ च्या ड्राफ्टला आम्ही दहाव्या नंबरवर.

राइन्सडॉर्फ यांनी टीम विकावी. शिकागोतच ठेवेल आणि पैसा लावेल अशा माणसाला विकावी. तोवर तिकीट, पार्किंग, जर्सी, कशावरही माझा एक डॉलर खर्च होणार नाही. मॅच मात्र रेडिओवर रोज ऐकणार आहे.