हौशी लोकांनी मोडी कागद वाचावेत का? (एका प्रतिक्रियेला उत्तर)

नमस्कार, एवढं सविस्तर लिहिलंत त्याबद्दल आभार, फटके मारलेत तेही चालतील. तुमचं म्हणणं थोडक्यात असं, की गावाचा पेशवेकालीन इतिहास शोधायला आम्ही व्हॉलंटियर गोळा करतो, जेमतेम मोडी लिपीचे वर्ग केलेले लोक भलतंच वाचतात, ते व्हॉट्सअ‍ॅपवर फिरतं आणि निस्तरायला खरे अभ्यासक. शिवाय "निम्मे लोक आपल्याच घराण्याचं वतन शोधायला येतात".

वतनाचं, म्हणजे पिढीजात हक्काचं, आधी सांगतो. येतात की, येऊ देत! आडनाव शोधायला आलेला माणूस ते नाही सापडलं की एकतर पळतो नाहीतर कायमचा अडकतो, आणि अडकलेले फार चिवट निघतात.

आता वाचनाचं. मोडी अवघड आहे यात वादच नाही. शब्द तोडलेले नसतात, ऱ्हस्व-दीर्घाचा पत्ता नाही, हात न उचलता सगळं ओढत नेलेलं आणि वर फारसी शब्दांचा भरणा. तारखेचंच बघा ना, "समान सबैन मया व अलफ" म्हणजे आठ, सत्तर, शंभर, हजार, म्हणजे शुहूर सन (अशा कागदांवरची अरबी शब्दांतली कालगणना) ११७८, त्यात ५९९ मिळवले की इसवी १७७७, पण हा सन मृगाला, जूनच्या सुरुवातीला सुरू होतो त्यामुळे अर्धा भाग १७७८ मध्ये जातो, महिना न बघता साल टाकलं की वर्षाची गफलत ठरलेली. म्हणून तर एकच कागद दोघंजण एकमेकांचं न बघता वाचतात, मग ताडून बघायचं, जुळलं नाही तिथे प्रश्नचिन्ह, अंदाज ठोकायचा नाही. आणि मूळ कागदाचा फोटो शेजारीच असतो. छापील पुस्तकातलं वाचन चुकलं असेल तर ते कशावरून तपासणार, सांगा?

पण खरा मुद्दा वेगळाच आहे. हे कागद दुसरं कोण वाचणार? इतिहासकार रियासतकार सरदेसायांनी १९३० ते ३४ मध्ये पेशवे दफ्तरातून, म्हणजे पेशव्यांच्या सरकारी कागदांतून निवडून ४५ खंड काढले, अफाट काम, पण त्यात भर राजकारणावर, स्वाऱ्यांवर. ते साहजिकही होतं. गाव मात्र दुसऱ्याच कागदांत असतं: बाजाराचे हिशेब, कोतवालाकडे गेलेले तंटे, नवी पेठ वसवायला दिलेला कौल (सरकारचं लेखी आश्वासन), त्यात किती वर्षं कर माफ, शेटे-महाजनांचे, म्हणजे पेठेच्या वतनदार प्रमुखांचे हक्क कोणते. एकेकटा कागद अगदी कंटाळवाणा. त्यावर पीएचडी होत नाही, लेखही होत नाही. पण असे ढीगभर कागद एक्सेलमध्ये ओळीनं भरले की कळायला लागतं कुठल्या आळीत कोणत्या धंद्याची माणसं होती, माफी संपल्यावर किती टिकली, तंटे कशावरून व्हायचे. निष्कर्ष अभ्यासकांनीच काढावेत हो, पण त्यांनी शोधायचं कशात? ती यादी कुणीतरी बसून करायला लागते आणि त्यासाठी पगार देणारं सध्यातरी कुणी दिसत नाही.

व्हॉट्सअ‍ॅपचं मात्र शंभर टक्के पटलं. अर्धवट वाचलेल्या कागदाचा फोटो आणि खाली "आपल्या गावाचा ज्वलंत इतिहास" हे बघून माझंही डोकं फिरतं. ग्रुपवर नियम केलाय की ताडून झाल्याशिवाय बाहेर काही जाणार नाही, तरी एखादा पाठवतोच.

तुमच्या लिहिण्यावरून मोडीवर चांगला हात दिसतोय. आमच्याकडे प्रश्नचिन्हवाल्या कागदांची रांग लागलीय, तिसरे वाचक म्हणून बसाल का? फोटो मेलवर पाठवतो, आमची वाचनं मुद्दाम पाठवत नाही.