लॉबीतली लाट

रत्नागिरीत आमच्या बिल्डिंगपासून समुद्र हाकेच्या अंतरावर आहे. फुकट आहे, रात्रंदिवस चालू आहे. तरी बिल्डरने लॉबीच्या छताला काचेची लाट टांगली. निळेहिरवे शेकडो तुकडे, एकेक बारीक तारेला. मेंटेनन्सच्या पावतीवर लगेच ‘कलाकृती देखभाल’ असा रकाना उगवला.

बिल्डर सांगतो, लास व्हेगासच्या बेलाजिओ हॉटेलात १९९८ पासून डेल चिहुली या काचशिल्पकाराची २००० च्या वर काचेची फुलं छताला आहेत. असोत बापडी. लास व्हेगास वाळवंटात आहे, तिथे काचेवर बसते ती धूळ, झटकली की गेली. आमच्याकडे खारा वारा बसतो, आणि तो उठत नाही.

आधी तारा गंजल्या. फॅब्रिकेटरने मान वर करून बघितलं नि म्हणाला, “किनाऱ्याला ३१६ नंबरचं स्टील लागतं, त्यात मॉलिब्डेनम असतं. तुमच्याकडे ३०४ मारलंय.” एवढं सांगून व्हिजिटचे पैसे घेऊन गेला.

पुसायचं म्हणजे आणखी वेगळं संकट. घोड्यावर चढायचं, एका हाताने तुकडा धरायचा, दुसऱ्याने फडकं फिरवायचं. तोवर शेजारचे तुकडे आपसांत किणकिणत टाळकं फिरवतात. बोअरचं पाणी मचूळ. पुसलेलं वाळलं की काचेवर पांढरे ठिपके, आणि अख्खी लाट खारवून वाळत घातलेल्या बांगड्यांसारखी दिसायला लागते. म्हणून आता फिल्टरचं पाणी वापरतात. आल्यागेल्याला पेलाभर, लाटेला बादलीभर.

मीटिंगमध्ये सेक्रेटरी म्हणाले, “रत्नागिरीला काच नवी नाही. थिबा पॅलेसच्या खिडक्यांना १९१० पासून रंगीत इटालियन काचा आहेत.”

“खिडक्यांना आहेत,” मागून मास्तर म्हणाले. “डोक्यावर नाहीत.”

काचेला लागणारी सिलिका वाळू आपल्या कणकवलीकडच्या कासार्ड्यातून ट्रक भरभरून जाते. आपलीच वाळू अशी डोक्यावर येणार असेल तर ती खाणीत काय वाईट होती?

शिमग्याला पालखी आली. पार्किंगमध्ये नाचवा म्हणून कमिटीने विनवलं होतं, पण पालखीने ओढ घेतली ती थेट लॉबीकडे. देवाला कोण अडवणार? ढोल घुमला तशी लाट वरून थरथरू लागली. सेक्रेटरींनी डोळे मिटले. भक्तीने की कशाने, विचारलं नाही. खांदेकरी मात्र तयारीचे, वाकून वाकून नाचले. कळस काचेला काही लागला नाही.

मग मानकऱ्यांनी नारळ हातात घेऊन गाऱ्हाणं सुरू केलं. पोराबाळांचं झालं, आंब्याच्या मोहोराचं झालं. मास्तर त्यांच्या कानाशी काही पुटपुटले.

“आन् ह्ये जे काय काचेचं लोंबतंय, त्येचा खर्च ज्येनं टांगलान त्येच्याच बोकांडी बसव रे म्हाराजा!”

“व्हय म्हाराजा!” सगळे ओरडले. ओटी घेऊन पुढे उभा असलेला बिल्डरही, सवयीने, सगळ्यांत मोठ्यांदा.