चमकलं म्हणजे खरं? टॉर्चवाल्या मेसेजला छापखान्यातून उत्तर

नारायण पेठेतल्या आमच्या छापखान्यात गेल्या आठवड्यात एक जुनं गिऱ्हाईक आलं. हळदीची पाकिटं आमच्याकडेच छापून घेतात. त्यांनी फोन पुढे केला. तोच मेसेज, जो मला आधी सोसायटीच्या ग्रुपवर आणि मग भाच्याकडून आला होता. मजकूर थोडक्यात असा: आता चमकणारी नॅनो (अतिसूक्ष्म कणांची) शाई आली आहे, तिची नक्कल होऊच शकत नाही, शंभर रुपयांचा यूव्ही (अतिनील किरणांचा) टॉर्च घ्या, नोट किंवा औषधाचं खोकं चमकलं तर खरं, नाही तर बनावट, आणि ही शाई रेडियमची असते, हात धुवा.

"आमच्या पाकिटावर हीच मारा," काका म्हणाले. टॉर्चही घेऊनच आले होते.

दिवे घालवले. टेबलावरचा झेरॉक्सचा साधा कागद निळाशार पेटला. काकांचा पांढरा शर्ट त्याहून जास्त. आणि पाचशेची नोट? मख्ख. फक्त नंबर आणि कागदातले चार-दोन तंतू उजळले. मेसेजच्या हिशोबानं शर्ट खरा आणि नोट खोटी!

कारण साधं आहे. झेरॉक्सच्या कागदात आणि कपड्याच्या पावडरीत शुभ्रता वाढवणारं रसायन असतं, आपल्या घरोघरचं टिनोपॉल त्याच जातीचं. ते यूव्ही पितं आणि निळा उजेड सोडतं. नोटेचा कागद कापसाचा, त्यात ते घालत नाहीत. म्हणजे अख्खी नोट चमकली तर उलट शंका घ्यायची. तीही जपून, कारण खिशात राहून साबणात धुतली गेलेली खरी नोटसुद्धा उजळते. मग मी चिमूटभर हळद स्पिरिटमध्ये कालवली आणि टॉर्च धरला. हिरवट-पिवळी चमक. म्हटलं, काका, तुमच्या मालात ही सोय आधीपासूनच आहे.

टॉर्चचीही एक गोम आहे. स्वस्तातले बहुतेक टॉर्च 395 नॅनोमीटर तरंगलांबीचे, त्यांचा जांभळा उजेड स्वतःच इतका दिसतो की खालची मंद चमक बुडते. तपासणीला सहसा 365 चा दिवा लागतो. दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेनं केलेली शाई तर 254 आणि 365 अशा दोन प्रकाशांत लाल आणि हिरवे असे वेगळे रंग दाखवते. यटर्बियम-अर्बियम ही दुर्मिळ मूलद्रव्यं घातलेले कण याच्या उलट वागतात: 980 नॅनोमीटरचा अदृश्य इन्फ्रारेड घेतात आणि हिरवा उजेड देतात. त्यांच्यापुढे काकांचा टॉर्च म्हणजे देवळातली समई.

आता "नक्कल होऊच शकत नाही". हे कुणी लिहिलं, त्याला एकदा छापखान्यात बसवा. कार्बन डॉट्स, म्हणजे कार्बनचे चमकणारे अतिसूक्ष्म कण, 2004 मध्ये नॅनोट्यूब (कार्बनच्या बारीक नळ्या) शुद्ध करताना अनपेक्षितपणे हाती लागले. आज ते सायट्रिक ॲसिड आणि युरिया तापवूनही बनतात. युरोच्या नोटा 2002 मध्ये चलनात आल्या, त्याच वर्षी नेदरलँड्समधल्या उट्रेख्तच्या शास्त्रज्ञांनी त्यांची लाल चमक तपासून युरोपियम या मूलद्रव्याकडे बोट दाखवलं. नुसता रंग जुळवणं अवघड नाही. अवघड आहे ती चमकेची नेमकी ठेवण, म्हणजे तिच्यात कुठला रंग किती, आणि ती विझायला लागणारा वेळ. साध्या रंगद्रव्याची चमक नॅनोसेकंदात (सेकंदाच्या अब्जाव्या भागात) विझते, युरोपियमसारख्यांची मिलिसेकंदापर्यंत (हजाराव्या भागापर्यंत) टिकते. पण हा फरक मोजायला यंत्र लागतं. हळद घेणारी बाई यंत्र घेऊन मंडईत जाणार आहे का?

आणि "नॅनो" शब्दाला एवढं भुलू नका. कण बारीक हवेत ते मुख्यतः इंकजेटचं तोंड चोंदू नये आणि शाईचा साका बसू नये म्हणून. 980 वाले कण बारीक केले की पृष्ठभागावरच ऊर्जा वाया जाऊन मंद होतात. मग त्यांच्यावर आणखी एक कवच चढवावं लागतं.

रेडियमचं काय, तर नंबर प्लेटवाला ज्याला "रेडियम" म्हणतो त्यातही रेडियम नसतं, तो प्रकाश परत फेकणारा स्टिकर. या शायांमध्ये किरणोत्सर्ग नाही. कॅडमियम या जड धातूचे चमकणारे सूक्ष्म कण, क्वांटम डॉट्स, विषारी असू शकतात, ही तक्रार रास्त आहे. पण ती वेगळी.

खरी भोकं शाईत नसतातच. तेलगीचं बनावट मुद्रांकांचं प्रकरण आठवा. 2007 मध्ये पुण्याच्याच विशेष न्यायालयात त्याला शिक्षा झाली. तेलगी रसायनशाळा काढून बसला नव्हता. नाशिकच्या सरकारी छापखान्यातली भंगारात निघालेली यंत्रं आणि आतली माणसं, यांवर त्याचा धंदा उभा होता. तिथे कितीही चमकणारी शाई असती, तरी आतल्या माणसानं तिचाही डबा बाहेर दिला असता.

म्हणून काकांना मी शाई विकली नाही, फायदा असूनही. पाकिटांवर अनुक्रमांक टाकू म्हटलं, आणि बिघडलेले ताव भंगारवाल्याला न देता मोजून फाडू. पहिल्या दिवशी ते स्वतः स्टुलावर बसून मोजत होते. दोन ताव कमी भरले. अर्ध्या तासानं कटिंग मशीनखाली सापडले, त्यांच्याच टॉर्चच्या उजेडात.